निळ्या छत्रीवरचा पांढरा गोल

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला डोकं नव्हतं. म्हणजे होतं, पण त्यावर कोंबड्यांना पाणी पाजायचं पत्र्याचं मोठं भांडं उपडं घातलेलं होतं, थेट खांद्यांपर्यंत. शेडच्या दारात, उन्हाकडे तोंड करून, दोन्ही हात कमरेवर ठेवून हा माणूस आपला उभा.

खरं तर तो भाग माझा नव्हताच. अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्या आमच्या हॅचरीत आम्ही दोघं तपासनीस, आणि त्या बाजूच्या शेड माझा सहकारी बघायचा. त्याला ताप आला म्हणून मला पाठवलं. काम साधंच असतं. हॅचरीतली एक दिवसाची पिल्लं ज्या शेडवर जायची असतात, तिथली जागा, भांडी, ऊब द्यायची सोय आधी जाऊन बघायची. मी हो म्हटलं तर पिल्लं जातात, नाही म्हटलं तर जात नाहीत.

मी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं त्या भांड्यावर टकटक केली.

"कोण आहे आत?"

"भोकं बघतोय," भांडं घुमत्या आवाजात म्हणालं. "बारीक भोक असलं की आतून चांदणी दिसते."

"मग, दिसली?"

"एक दिसत होती... तुम्ही आडव्या आलात."

मग त्यानं भांडं काढलं. नाकावर गंजाची तपकिरी भुकटी, केस विस्कटलेले, आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू डोक्यात भांडं घालून पाहुण्यांचं स्वागत करायची त्यांच्या घरातली पद्धतच असावी. मी हसायचं नाही असं ठरवलं. तपासनीस हसला की शेडवाले डोक्यावर बसतात. पण ओठांचं एक टोक ऐकेना.

"तुम्ही नेहमीच्या साहेबांच्या जागी आलात?"

"हो. आणि मी चहा घेत नाही, गोड बोलण्याला भुलत नाही, हे आधीच सांगते."

"मग बिनसाखरेचा घ्या," तो म्हणाला.

आतून एक खणखणीत आवाज आला, "भाच्या, कोण आहे रे?"

त्या त्याच्या मावशी. शेड त्यांची. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या दाराजवळच्या खुर्चीत बसून कारभार करायच्या, आणि गावभर सगळे त्याला ‘भाचा’ म्हणायचे ते त्यांच्यामुळेच. मला वरपासून खालपर्यंत बघून त्या म्हणाल्या, "बघा बाई नीट. ह्या खेपेला पिल्लं आली तर ठीक. नाही तर शेड मी फर्निचरवाल्याला गोदामाला देणार. हो म्हणून बसलेय त्याला." हे त्या माझ्याशी बोलत होत्या, पण डोळे भाच्याकडे होते. तो हसायचा थांबला. तेव्हा मला कळलं की भांडं डोक्यात घालणाऱ्या ह्या माणसाला आत कुठेतरी चांगलीच धाकधूक आहे.

माझ्या पिशवीत तीन खडू असतात. पांढरा गोल काढला की वस्तू वापरा. लाल फुली म्हणजे भंगारात टाका. पिवळी रेघ म्हणजे दुरुस्त करा, मी परत येऊन बघेन. म्हणून हॅचरीत मला ‘खडू’ म्हणतात. शेडवाले माझ्या पाठीमागे त्याला आणखी एक अक्षर जोडतात, तेही मला ठाऊक आहे.

गंज बघायची रीत अशी की आधी वाजवायचं. चांगला पत्रा ठण्ण करतो, खाल्लेला पत्रा नुसताच थप्प. मग तारेच्या ब्रशनं घासायचं. भुकटी झडून खाली चकचकीत पत्रा आला तर गंज वरवरचा, धुऊन-पुसून उन्हात वाळवलं की झालं. पापुद्रे सुटायला लागले, खड्डे पडलेले दिसले, तर मग कितीही धुवा, त्या खड्ड्यांत घाण बसून राहते आणि पिल्लं आजारी पडतात. शेवटी जिथे जोड असेल, कडी असेल, तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबायचं. टोक आत गेलं की वाद संपला.

पण इथे वाजवायचं काय नि घासायचं काय? सगळी शेड निळी होती. खाद्याची भांडी निळी, पाण्याची भांडी निळी, त्यांचे पाय निळे. आकाशासारखा निळा, आणि त्यावर हातानं काढलेले पिवळे ठिपके.

"हे कोणी रंगवलं?"

"तिनं," तो म्हणाला.

नुसतं ‘तिनं’. मागे काही नाही, पुढे काही नाही. ज्या बाईचं एवढ्या एका शब्दात भागतं ती बाई साधी नसते, हे कुणीही सांगेल.

"दोन वर्षांपूर्वी मी आणि ती मिळून शेड परत सुरू करणार होतो," तो भांड्याच्या कडेवरून अंगठा फिरवत म्हणाला. "तिनं सगळं रंगवलं. मग... राहिलं ते. पण हात बघा ना तिचा. एक ठिपका इकडचा तिकडे नाही."

मी ठिपके पाहिले. खरोखरच एकही ठिपका इकडचा तिकडे नव्हता. ह्या माणसाला ओळखून मला चहा गार होण्याइतकाही वेळ झाला नव्हता, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं होतं. मनातल्या मनात मी तिचं नाव ठेवून दिलं, निळी.

"आतून कशाला रंगवलंय?" मी विचारलं. "पिल्लं दिसेल त्यावर चोच मारतात. रंगाचे कपचे सुटले की सरळ पोटात."

"मी तेव्हा तेच म्हणालो होतो."

"मग?"

"मग... भांडण झालं," तो म्हणाला आणि हसला. ते हसू मला मुळीच आवडलं नाही. फार मऊ होतं.

मी ब्रश घेतला. आतला रंग खरवडणं हे माझं कामच होतं, त्यात कुणाला काही बोलायला जागा नव्हती. निळे कपचे माझ्या चपलांवर पडत होते आणि खरं सांगायचं तर मला फार बरं वाटत होतं. आतून झालं, मग मी भांडं उलटं केलं आणि बाहेरून सुरुवात केली. ठिपक्यांपासून.

"तपासनीसबाई," तो हळूच म्हणाला, "त्या बाजूनं पिल्लं खात नाहीत."

"खाली गंज दडलाय का बघतेय."

"दिसतोय?"

"दिसेल."

तो उकिडवा माझ्यासमोर बसला आणि दुसरा ब्रश घेऊन दुसरं भांडं घासायला लागला. दोघांच्या ब्रशांची खसखस चालू होती. मध्येच त्यानं वर पाहिलं, मी खाली पाहिलं. मग मी वर पाहिलं तर तो अजून माझ्याकडेच बघत होता. त्याच्या भांड्याचा एकच कोपरा घासून घासून आरशासारखा झाला होता.

दुपारपर्यंत बहुतेक खाद्याच्या भांड्यांवर पांढरे गोल आले. कडा धारदार झालेली, पिल्लांचे पाय कापतील अशी सगळी बाजूला काढून लाल फुल्या मारल्या. पाण्याच्या भांड्यांपैकी काहींची गळती बुजवायची होती, त्यांना पिवळी रेघ.

"पिवळी म्हणजे तुम्ही परत येणार?" त्यानं विचारलं.

"यावं लागतं."

"मग जरा नीट बघा की... अजून काही पिवळं सापडेल."

"भाच्या," खुर्चीतून आवाज आला, "पिल्लं गुरुवारी आहेत. खडू मग खेळा."

पिल्लांना ऊब द्यायची छत्री तेवढी राहिली. पत्र्याची मोठी थोरली छत्री, आत बल्ब लावायचे, वरच्या कडीनं छताला टांगायची. ती आढ्याजवळ बांधून ठेवली होती. पुढच्या वेळी खाली काढून ठेवा, म्हणून मी निघाले.

घरी आईनं माझा हात धरला आणि नखं पाहिली. "हे निळं निळं काय? कुणाची चामडी सोलून आलीस?"

"गंज बघत होते."

"गंज निळा असतो होय," आई म्हणाली आणि पुढे काही विचारलं नाही. तेच जास्त झोंबलं.

दुसऱ्या खेपेला मी गेले तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि हवेत गारठा होता. शेडच्या दाराला एक लाकडी शिडी टेकवलेली होती. निळी. शिडीच्या वरच्या पायरीवर एक मुलगी उभी राहून दारावरच्या पाटीवर अक्षरं रंगवत होती. मला विचारायची गरजच पडली नाही. निळीनं एक पाय शिडीवर आणि एक चौकटीवर असा ठेवला होता की बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकावा. आणि बघणारा खाली उभा राहून शिडी धरून होता.

"बाळ, पडशील हं," मावशी खुर्चीतून म्हणाल्या. बाळ! मला त्या अजून ‘अहो तपासणी’ म्हणत होत्या.

निळी सरसर उतरली आणि थेट माझ्यासमोर आली. "तुम्हीच का त्या? ह्यानं सांगितलं, माझा अख्खा रंग उतरवलात म्हणून!"

मी मान ताठ केली. आता ही भांडणार, आणि मी तयार होते.

"बरं केलंत," ती खळखळून हसली. "भांडी काय आतून रंगवतात? गाढव होते मी तेव्हा. हा बिचारा ओरडत होता, पण माझ्या डोक्यात आपलं निळं आकाश!"

झालं. चांगल्या माणसावर जळणं फार कठीण काम असतं, सगळी मेहनत आपल्यालाच करावी लागते. मी ती केली. तिच्या कानातलं मला भडक वाटलं. तिचं हसणं जरा जास्तच मोठं वाटलं. पाटीवरची अक्षरं वाकडी आहेत का ते मी डोळे बारीक करून पाहिलं. नव्हती.

"अरे, हे काय," ती त्याला म्हणाली, आणि हात वर करून तिनं त्याच्या केसांतलं कोळ्याचं जाळं काढलं. सहज. पाटीवरची धूळ पुसावी तसं. तो जागचा हललासुद्धा नाही.

ते जाळं मी आल्या आल्याच पाहिलं होतं. माझाही हात वर जायला निघाला होता, पण मी तो पिशवीत घातला होता, खडू शोधायला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"पाण्याची भांडी दाखवा," मी म्हटलं. आवाज असा आला की मावशींनी मान वळवून पाहिलं.

भांडी झाली होती. नाही, दोन सोडून. त्या दोन भांड्यांवरची पिवळी रेघ तशीच होती.

"ही का राहिली?"

"विसरलो," तो म्हणाला आणि कान खाजवला.

विसरणारच. शिडी धरायची असते ना.

मग त्यानं छत्री आणून माझ्यासमोर ठेवली. तिच्यावर निळीनं सगळी हौस भागवून घेतली होती. कडेनं ठिपक्यांच्या माळा, आणि वर, कडीच्या भोवती, एक मोठं पिवळं फूल. मी वाजवून पाहिलं. आवाज धड ठण्ण नाही, धड थप्प नाही. रंगाचे थर जाड असले की आवाज कळत नाही, अशा वेळी सरळ कडीपाशी टोक दाबून बघायचं असतं. मी स्क्रू ड्रायव्हर काढला.

"अगं बाई," निळी छातीवर हात ठेवून म्हणाली, "हिला तरी जीवदान द्या! हिच्यावर मी आठवडा घालवलाय."

तिघंही माझ्याकडे बघत होते. ती हसत होती. मावशी भुवया वर करून होत्या. आणि तो... तो माझ्या हातातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. मला वाटलं, ह्यानं सगळं ओळखलंय. मी का खरवडते, कशासाठी खरवडते. आता ह्या फुलावर टोक दाबलं की माझ्या कपाळावर ‘जळकी’ असं लिहिल्यासारखंच. तेही निळीच्या सुबक अक्षरांत.

मी स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकला आणि छत्रीवर पांढरा गोल काढला. चांगला मोठा, नीट, गोल.

"वा," निळी म्हणाली.

काय तो माझा मोठेपणा! मी स्वतःवर इतकी खूश होते की अर्ध्या रस्त्यापर्यंत गुणगुणत गेले. उरलेला अर्धा रस्ता काही सुचेना. मी छत्री न टोचता पास केली होती. इतक्या वर्षांत मी कुणाचं साधं झाकणसुद्धा न टोचता पास केलं नव्हतं. कदाचित ती चांगली असेलही, असं मी जेवताना स्वतःला सांगितलं, झोपताना सांगितलं, आणि सकाळी दात घासतानाही सांगितलं. तिन्ही वेळेला मला ते पटलं नाही.

गुरुवारी दुपारी हॅचरीत पिल्लांचे खोके टेम्पोत चढले. भोकाभोकांतून पिवळ्या चोची आणि चिवचिव. ड्रायव्हरकाका दार लावत होते तेवढ्यात मी पुढच्या सीटवर जाऊन बसले.

"काय गं खडू, आज तू कशी?"

"एक गोष्ट बघायची राहिलीय."

"गुरुवारी? पिल्लं घेऊन?" काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि गाडी सुरू केली. वाटेत पावसाची भुरभुर लागली. मागे पिल्लं ओरडत होती. छत्री धड निघाली तर मी त्याच्यासमोर जळकी ठरणार होते. आणि धड निघाली नाही तर मी काय ठरणार होते ते मला सांगताही येत नव्हतं.

शेडमध्ये सगळं तयार होतं. कोरडा भुसा पसरलेला, भोवती पत्र्याचं गोल कुंपण, मध्ये माझ्या पांढऱ्या गोलांची भांडी ओळीनं मांडलेली. वर छत्री टांगलेली, आत बल्ब लागलेले, खाली उजेडाचं उबदार वर्तुळ. मावशींनी केस नीट विंचरले होते. आणि तो मला बघून असा उजळला की मला परत टेम्पोत जाऊन बसावंसं वाटलं.

"तुम्ही आलात? मला वाटलं नव्हतं..."

"बल्ब बंद करा," मी म्हटलं. "छत्री खाली घ्या."

"पण हिच्यावर पांढरा गोल आहे."

"माझाच आहे. मला माहीत आहे. खाली घ्या."

त्यानं बल्ब बंद केले आणि दोर सोडून छत्री जमिनीवर ठेवली. मी गुडघ्यांवर बसले आणि कडीजवळ, त्या पिवळ्या फुलाच्या बरोबर मध्ये स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं. दाबावं लागलंच नाही. ते मुठीपर्यंत आत गेलं. फूल तडकलं, खालून पांढऱ्या पुट्टीचं ढेकूळ सुटून भुशात पडलं, आणि कडी माझ्या हातात आली. तिथे पत्रा नव्हताच. होती ती पुट्टी, आणि पुट्टीवर निळा रंग.

पेटलेल्या बल्बांसकट ही छत्री कोरड्या भुशात पडली असती तर काय झालं असतं, ते सांगायची कुणालाच गरज नव्हती. मावशींनी खुर्चीचा हात घट्ट धरला. बाहेर टेम्पोत पिल्लं चिवचिवत होती.

"ही मी परवाच टोचायला हवी होती," मी म्हटलं.

"मग..." त्यानं भुशातलं ढेकूळ उचललं. "मग टोचली का नाहीत?"

सांगता आलं असतं, उशीर झाला होता, पाऊस येणार होता. मी हातातल्या कडीकडे बघत राहिले.

"तुम्ही बघत होता म्हणून. आणि ती बघत होती म्हणून. टोचली असती तर तुम्हाला वाटलं असतं की मी... की मी तिच्यावर जळतेय."

"आणि तुम्ही जळत नव्हता?"

"जळत होते!" मी इतक्या जोरात म्हटलं की टेम्पोतले काका डोकावले. "पहिल्या दिवसापासून जळत होते. ते ठिपके, ती शिडी, तुमच्या केसांतलं जाळं... ते मी आधी पाहिलं होतं! आणि जळतेय हे दिसू नये म्हणून मी न टोचता गोल काढला. स्वतः चांगली दिसायला पिल्लांचा जीव टांगून ठेवला. आता हसायचं तर हसा."

तो हसला नाही. माझ्यासमोर उकिडवा बसला, पहिल्या दिवशी बसला होता तसाच.

"आमचं लग्न ठरत होतं," तो म्हणाला. "हे मी सांगायला हवं होतं. तिला शेड छान दिसायला हवी होती, मला ती नीट चालायला हवी होती. भांडून भांडून दोघंही दमलो. आता पाटी रंगवायला मावशीनं बोलावलं, कारण तिच्याइतकी चांगली अक्षरं इथे कुणी काढत नाही. एवढंच आहे. आणि तुम्ही खरवडत होता तेव्हा मी बघत होतो, ते रंगाकडे नाही."

"मग कशाकडे?"

"नाकावर एक निळा कपचा चिकटला होता. सांगणार होतो... पण मग तुम्ही पुसला असता."

मी उगीच नाक पुसलं. मावशी खुर्चीतून म्हणाल्या, "अहो तपासणी, बाकीचं नंतर. त्या पिल्लांना थंडी वाजतेय. आता ऊब कुठून आणायची?"

छत्री नाही म्हणजे ऊब नाही, ऊब नाही म्हणजे पिल्लं उतरवता येत नाहीत, आणि पिल्लं परत गेली की शेड गोदाम. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मी आजूबाजूला बघत होते. बल्ब ठीक होते, वायर नवी होती. फक्त ते टांगायला काहीतरी पक्कं हवं होतं, आडवं, भुशाच्या जरा वर ठेवता येईल असं.

दाराशी शिडी होती. निळीची. पाटी अर्धी राहिली म्हणून ती इथेच ठेवून गेली होती.

मी शिडी आडवी पाडली. प्रत्येक पायरी वाजवली. प्रत्येक खाचेत टोक दाबलं. मनातून, खरं सांगते, मला ती कुजकी निघायला हवी होती. एक तरी पायरी, एखादा तरी सांधा. निघाली नाही. लाकूड सागासारखं टणक होतं, रंगसुद्धा छान बसला होता. मी पांढरा खडू काढला आणि शिडीवर गोल काढला, परवाच्याइतकाच मोठा.

"ही चालेल," मी म्हटलं. "धरा दुसरं टोक."

दोन बाजूंना खाद्याची पोती रचून त्यांवर शिडी आडवी ठेवली, दोरानं आवळली, आणि पायऱ्यांवरून एकेक बल्ब खाली सोडला. गाठी मी मारत होते, वायर तो धरत होता. पायरीपायरीला आमचे हात एकमेकांना लागत होते, आणि एका पायरीवर जरा जास्तच वेळ लागून राहिले. बल्ब लागले. भुसा गरम व्हायला लागला. मी हात पसरून ऊब पाहिली, मग काकांना हाक मारली.

पिल्लं उतरली. आधी सगळी एका जागी गोळा झाली, एकमेकांच्या अंगावर, आणि मी श्वास रोखून बघत राहिले. थंडी वाजत असली की ती अशीच राहतात. मग एक सुटलं, पाण्याकडे गेलं. दुसरं खाद्याकडे. हळूहळू सगळ्या वर्तुळात ती सारखी पसरली, ओरडणं थांबलं, नुसती बारीक कुजबुज राहिली. माझा जीव भांड्यात पडला.

मी तिथूनच हॅचरीच्या मोठ्या साहेबांना फोन लावला. "परवा मी इथली छत्री न टोचता पास केली होती, साहेब. आज टोचली. ती नापास. सोय दुसरी केलीय, पिल्लं ठीक आहेत." साहेबांनी विचारलं, असं कसं झालं? मी म्हटलं, "रंग आडवा आला." मग बरंच ऐकून घेतलं. ते माझंच होतं, ऐकून घेतलं.

फोन ठेवला तर तो समोर उभा होता, हातात ती दोन पाण्याची भांडी.

"मलाही एक सांगायचंय. ही मी विसरलो नव्हतो. ही दुरुस्त केली असती तर... तुम्हाला परत यायचं कारण उरलं नसतं."

"म्हणजे पिल्लांना पाणी कमी पडलं तरी चाललं असतं?"

"आणखी दोन घेऊन ठेवली होती. नवी." त्यानं कान खाजवला. "तुमच्यापासून लपवून. पोत्यांमागे."

मी रागावणार होते. पण त्याच्या केसांत पुट्टीचा एक निळा कपचा अडकला होता, आणि ह्या वेळेला मी हात पिशवीत घातला नाही. वर नेला, कपचा काढला. सावकाश. गरजेपेक्षा जरा जास्तच सावकाश. तो जागचा हलला नाही, पण डोळे मिटले. निळीच्या वेळेला मिटले नव्हते, ते मी बरोबर लक्षात ठेवलं होतं.

"आता माझ्यावर कोणता खडू?" त्यानं डोळे न उघडताच विचारलं.

"त्याला पिवळाच काढा," मावशी खुर्चीतून म्हणाल्या. "दुरुस्तीला पुष्कळ आहे. आणि तू आधी चहा टाक भाच्या, आपल्या पोरीसाठी."

मी त्याच्या बाहीवर पिवळी रेघ ओढली.

"मग मी दुरुस्त होणारच नाही," तो म्हणाला. "येत राहा. ...येत राहा म्हणजे, ये. तू ये."

टेम्पो निघाला तेव्हा पाऊस थांबला होता. दारावरची पाटी अर्धी होती. ती पुरी करायला निळी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीही गेले. तपासायला काहीच नव्हतं.